येतो म्हणायचं नाही

जाळं सांधणं हे हर्ण्याच्या बंदरावर पुरुषांचं काम. बायकांनी मासळी वाळवावी, विकावी, फार तर जाळ्यासाठी सणाचं सूत कातून द्यावं. पण हौसाच्या हातची गाठ अशी बसायची की होड्यांचे तांडेल आपल्या गड्यांना बाजूला सारून फाटकं जाळं तिच्या ओटीवर आणून टाकत. ओली सुतळी, दोन वेढे आणि अंगठ्याचा एक दाब. सुकल्यावर ती गाठ सोडवायची तर दात लावावे लागत, आणि हौसा वर ऐकवायची, "दात तुजे, गाठ माजी. बगू कोन हरतो."

बाई फटकळ होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लिलावात मासळी उचलताना तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पण या तोंडातून एक साधा शब्द बावीस वर्षांत बाहेर पडला नव्हता. तो शब्द म्हणजे 'जाते'.

घरातून निघताना आपल्यात कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. देशावरच्या माणसाला ही नुसती रीत. दर्यावर पोट असलेल्या वाडीत मात्र तिच्यावर जीव टांगलेला असतो. हौसाच्या लग्नाला सात महिने झाले होते. एका सकाळी कालवणात मीठ जास्त पडलं, नवऱ्याने ताट सरकवलं, हिने चार शब्द सुनावले आणि महिपत उठून तणतणत म्हणाला, "जातो मी." ही चुलीकडे तोंड करून बसून राहिली. त्या दिवशी तीन होड्या बाहेर पडल्या, दोन परत आल्या. महिपतची होडी आली नाही, आणि तिची एक फळीसुद्धा कधी किनाऱ्याला लागली नाही.

वादळ काय, शब्द ऐकून येतं होय? हे मला कळतं, तुम्हाला कळतं. हौसालाही कळत असणार. पण भावाच्या, रावजीच्या घरी राहायला आल्यापासून ती विहिरीवर निघाली तरी उंबऱ्यात थांबून "येते गो" म्हणायची. घरात कुणी नसलं तर चुलीला सांगायची.

रावजी मुंबईला जहाजावर खलाशी. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली आणि मूल मागे राहिलं. आधीची दोन जगली नव्हती, म्हणून हे तिसरं केरावर टाकून उचललं आणि नाव ठेवलं केरू. हौसाने त्याला शेळीच्या दुधावर वाढवला. नऊ वर्षांचा झाला तेव्हा कुठे दहाबारा शब्द बोलायला लागला, आणि त्यापुढे फारशी भर पडली नाही. शाळेच्या मास्तरांनी आठव्या दिवशी हात जोडले. वाडीतली माणसं खुळा म्हणत, येडा म्हणत. हौसा म्हणे, "डोक्यानं कमी हाय, पन मनानं तुमच्यापेक्षा चार बोटं उंच."

आणि ते खोटंही नव्हतं. मांडवावर वाळत घातलेले बोंबील परतावेत तर केरूने. एकही मोडायचा नाही. होडी ओढायला माणूस कमी पडलं तर केरूला हाक जायची, आणि तो हसत हसत दोन माणसांचा जोर एकटा लावायचा. कोंबडीचं पिल्लू तळहातावर घेऊन तासन् तास बसायचा.

चौदावं सरलं, खांदे भरले, ओठावर लव आली, आणि केरू मारतो अशी ओरड सुरू झाली. शेजारच्या सखूच्या दंडावर पाच बोटं उमटली. टपालवाल्याच्या पिशवीचा पट्टा तुटला. अंगारा द्यायला आलेल्या भगताला तर उंबऱ्यातून मागे खेचून त्याने ओटीवर पाडलं. भगत कसला सोडतो. दुसऱ्या दिवशी चार गडी घेऊन आला आणि केरूच्या पोटरीवर तापल्या सळईचा डाग दिला. पोरगा महिनाभर लंगडला. आपल्याला कशासाठी भाजलं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. डाग भरला आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मग १९२९ सालच्या शिमग्याच्या तोंडावर ते घडलं. भिकाजी तांडेलाची सून चिमा सांधलेलं जाळं न्यायला आली होती. पोरगी मायाळू. जाता जाता केरूच्या पाठीवर हात ठेवून दोन शब्द बोलली आणि पायऱ्या उतरली. केरूने झेप घेऊन तिचा पदर धरला. ती ओरडली, तो ओढत राहिला, आणि भर पाणंदीत, चौघा पुरुषांसमोर, पदर खांद्यावरून खाली आला.

सखूच्या दंडावरची बोटं वाडीने पोटात घातली होती. हा पदर पोटात घालण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे गावकी बसली. रावजी सणासाठी आला होता, तो खाली मान घालून एका कडेला बसला. भिकाजी तांडेल गावकीचा मुख्य. माणूस वाईट नव्हता. केरूला त्याने कितीदा तरी आपल्या हाताने खाऊ दिला होता.

"रावजी," तो म्हणाला, "ह्यो आता पोर रायला नाय. बाप्या झाला. आज पदर धरला. उद्या काय धरील, सांग. माज्या घरातली म्हनून मी बोलत नाय. वाडीत बारा पोरी हायत."

 ठरलं ते असं की केरूला रत्नागिरीला वेड्यांच्या इस्पितळात पोचवायचा. मामलेदाराकडून कागद करून आणायचा आणि भिकाजीच्या मचव्यातून न्यायचा. त्या इस्पितळात काय असतं हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. पण आपल्या माणसांचं बोट धरल्याशिवाय न जेवणारा पोरगा तिथे किती दिवस काढेल, हे हौसाला नक्की माहीत होतं.

गावकीत बायका बोलत नसत. हौसा देवळाच्या पायरीवरून उठली आणि बोलली.

"तांडेलांनू, मला नको, त्या पोराला मुदत द्या. रावजी मुंबईला परतेपर्यंत. पंधरा दिस."

"पंधरा दिसात काय देव संचारनार हाय तेच्यात?"

"देव नको. माजं मी बगते."

 भिकाजी म्हणाला, "बरं. पन एक आयक. ह्या पंधरा दिसात तेनं कोनाला नुसतं बोट लावलं, तरी त्याच भरतीला मचवा सुटेल. मंग रडायचं नाय."

आता हौसाने काय करावं? तिने आधी चूकच केली. शिमगा म्हणजे ढोल, सोंगं, आरडाओरडा. ह्या गलक्यानेच पोराचं डोकं फिरतं असं तिने धरलं आणि त्याला आतल्या खोलीत कोंडलं. चार दिवस केरू दाराशी बसून कण्हत होता. पाचव्या दिवशी पालखी दारात आली आणि तो कडी उखडून बाहेर धावला.  पण केरू ढोलापुढे नाचला! सोंगांतला काळा झगा घातलेला संकासूर त्याच्या अंगावर धावून आला, तर हा टाळ्या पिटून हसला. रावजीने सुटकेचा श्वास टाकला. हौसाचा मात्र धीर सुटला, कारण तिचा एकुलता एक अंदाज खोटा ठरला होता आणि हातात दहा दिवस उरले होते.

त्या दुपारी ती ओटीवर एक मोठं जाळं घेऊन बसली. जाळ्यात भोक कुठे आणि केवढं हे बघायचं तर हौसा कधी भोकात हात घालत नसे. धड बाजूने जाळ्याचे डोळे, म्हणजे एकेक घर, मोजत यायची. मोजता मोजता जिथे बोट अडतं, तिथून फाटलं. हात चालत होते आणि तिला वाटलं, आपण केरूने कुणाकुणाला मारलं तेच उगाळत बसलोय. त्याने कुणाला कधीच मारलं नाही?

तिने मोजायला सुरुवात केली. घरात येणाऱ्याला कधी मारलं नाही. बसलेल्याला नाही. जेवणाऱ्याला नाही. टपालवाला चांगला पाणी पिऊन, पान खाऊन उठला तेव्हा पट्टा तुटला. सखूच्या दंडाला धरलं तेव्हा ती पायरीवर होती. भगत उंबऱ्यात होता. चिमा पाणंदीत. हौसाचं बोट अडलं. जी जी माणसं मार खाऊन गेली, ती सगळी उठून निघालेली होती.

मघापासून ओटीवर डाळ निवडत बसलेली सखू नेमकी तेव्हाच सूप घेऊन उठली. "येते गो हौसा," म्हणाली आणि वळली.

हौसाने सखूकडे पाहिलं नाही. केरूकडे पाहिलं. त्याचे डोळे सखूच्या तोंडावर नव्हते, पायांवर होते. पाय पलीकडे चालले होते. त्याच्या कपाळाला आठी पडली, हात उठला, आणि तो गुरगुरला, "ये! ये!"

हौसाने जाळ्यासकट उडी मारून त्याचं मनगट धरलं. सखू किंचाळून पळाली. केरू दाराकडे बघत होता, आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. हा ओरडा सगळ्या वाडीच्या ओळखीचा होता. मारताना येडा असा ओरडतो, असं सगळे म्हणत. तो काय म्हणतो हे दोन वर्षांत एकाही शहाण्याने ऐकलं नव्हतं. तो बिचारा बोलवत होता. येते म्हणालीस ना, मग ये. तोंडाने येते म्हणतेस आणि पाय तिकडे का नेतेस? म्हणून तो माणसाला धरून परत आणत होता. जोर तेवढा दोन माणसांचा होता.

हौसाला आठवलं. केरू सात वर्षांचा असताना रावजी आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात चढता चढता त्याला म्हणाला होता, "येतो हां." पोरगा तीन दिवस बंदरावर बसला होता. तिसऱ्या दिवशी तिनेच त्याला फरफटत घरी आणलं होतं. तिने जाळं तोंडाशी धरलं आणि ती खूप रडली.

रडून झाल्यावर ती घाबरली. कारण उपाय तिला दिसत होता आणि तो तिच्या तोंडून निघणार नव्हता.

तिने पळवाटा काढून पाहिल्या. काही न बोलता निघून पाहिलं, तर केरू सैरभैर होऊन परड्यात धावला. "बस हां" म्हणून पाहिलं, तर तो तिच्या मागोमाग विहिरीपर्यंत आला. असे आणखी चार दिवस गेले. रावजी दापोलीला जाऊन मामलेदाराचा कागद घेऊन आला आणि फळीवर ठेवला. तो कागद बघितला त्या सकाळी हौसा उंबऱ्यात उभी राहिली.  बावीस वर्षांपूर्वीचं ते सरकवलेलं ताट तिला जसंच्या तसं दिसलं.

"केरू," ती म्हणाली. "मी जाते."

आत रावजीच्या हातातला तांब्या पडला. केरूने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे बघितलं. दोन्ही एकच सांगत होती. "आत्ये जाते," तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

पण ती चार पावलं गेली असेल नसेल, तोच मागून धपधप आवाज आला. केरू खांबावर कपाळ आपटत होता. आता त्याला वाटलं, गेली ती गेलीच. हौसा धावत आली. तिच्या कमरेला ओली सुतळी होती. हाताला सवयीचं तेवढंच येत होतं. तिने सुतळीला एक गाठ मारली, अंगठ्याने चेपली आणि त्याच्या हातात दिली. "ही सोड. सुटली की मी आले. समाजलं? गाठ सुटली, आत्या आली."

ती विहिरीवर जाऊन आली तेव्हा केरू मान वाकडी करून, जीभ बाहेर काढून गाठीशी झटत होता. तिला बघून त्याने शेवटचा हिसका दिला आणि सुतळी उंच धरली. "सुटली! आत्ये आली!" हौसाला वाटलं, आजवर जाळ्यांत घातलेल्या आपल्या सगळ्या गाठी फुकट गेल्या, कामाला आली ती ही एकच.

आणखी तीन दिवस असेच गेले, तीन उरले. लांब जायचं तर दोन गाठी, लिलावाला जायचं तर चार. सखूला तिने हातापाया पडून "जाते" म्हणायला लावलं. सखू ते कानाला हात लावून, देवाचं नाव घेऊन म्हणायची, पण म्हणायची. केरूने कुणाला बोट लावलं नाही. हौसा भिकाजीकडे गेली आणि सगळं सांगितलं.

भिकाजी उडालाच. "म्हंजे दर्यावर जानाऱ्या वाडीनं त्या येड्यापायी जातो म्हनायचं? तू सांगतेस हे? महिपतची बायको?"

"मीच सांगते. माज्याइतकी त्या सबदाची भीती कोनाला हाय?"

 भिकाजी म्हणाला, "परवा रावजी आगबोटीनं निगतो. बंदरावर पन्नास मानसं पडावात चडतील. पोराला घेऊन ये. तिथं गप रायला, तर कागद मी फाडीन. नाय रायला, तर मचवा बाजूलाच उबा असंल."

हौसाने ते दोन दिवस रावजीच्या पाठीस लागून काढले. रावजी ऐकेना. "बाय, मी जहाजावरचा मानूस. जातो म्हनून पाय टाकला आनि काय झालं, तर?" अखेर तो नुसता हो म्हणाला. बाकी वेळ हौसा तो परत येईपर्यंतचे दिवस मोजून सुतळीला गाठी घालत बसली होती. गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत दीडशेवर चार झाल्या. बोटांची सालं निघाली.

त्या सकाळी सुवर्णदुर्गाच्या बाहेर आगबोट लागली आणि भोंगा झाला. बंदरावर ही गर्दी. पेट्या, बोचकी, रडणाऱ्या बायका. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तेच: येतो हां आये, येतो रे, येतो. केरूच्या चहूबाजूंनी माणसं येतो म्हणत होती आणि पाण्यात उतरत होती. हौसाने त्याचा हात घट्ट धरला होता आणि त्याच्या कानाशी ती सारखं बोलत होती. त्याचा हात घामाने भिजला होता. मचवा बाजूलाच होता. त्याच्या काठावर भिकाजी बसला होता आणि त्याच्या पायाशी दोराचं वेटोळं होतं.

रावजी पाण्यात उतरला. पेटी पडावात टाकली. वळला. त्याने पोराकडे बघितलं, आणि जन्मभर जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"येतो रे केरू."

हात कधी सुटला हे हौसाला कळलंच नाही. केरू पाणी उडवत गेला आणि त्याने रावजीचा दंड धरला. "ये! ये!" रावजी खेचला गेला, पडाव एका अंगावर कलला, आतल्या बायका किंचाळल्या. कुणीतरी वल्हं उगारलं. भिकाजी उठला आणि त्याने दोर उचलला.

हौसा कमरेइतक्या पाण्यात शिरली. लुगडं ओढलं जात होतं, पायाखालची वाळू सरकत होती. बावीस वर्षांपूर्वीचा तोच दर्या, आणि त्याच दर्यात उभी राहून ती सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी ओरडली, "रावजी! खरं सांग तेला! जातो म्हन!"

 पडावावरचा म्हातारा खलाशी हौसाकडे डोळे फाडून बघत राहिला. भिकाजी दोर घेऊन पाण्यात उतरला होता, तो गुडघाभर पाण्यातच थबकला.

 रावजीने एकदा बहिणीकडे पाहिलं.

"जातो," तो म्हणाला. "केरू, मी जातो. लांब जातो."

केरूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हौसाने गाठींची सुतळी केरूच्या गळ्यात घातली. "इतक्या गाठी. रोज एक. समद्या सुटल्या की बाबा आला."

केरूने दंड सोडला. एक एक बोट काढून सोडला. "बाबा जातो," तो म्हणाला, आणि सुतळी छातीशी धरून पाण्यात उभा राहिला. पडाव सुटला. भिकाजीने दोर मचव्यात टाकला आणि मान फिरवली. संध्याकाळी फाटलेल्या कागदाचे चार तुकडे तो स्वतः हौसाच्या ओटीवर ठेवून गेला.

पोरगा वाचला. हौसाचा जीव मात्र तिथून टांगणीला लागला. पडाव आगबोटीला लागलेला सगळ्यांनी पाहिला होता, तरी वाडी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. रावजीला काही झालं असतं तर त्याचा दोष दर्याला कुणी दिला नसता. पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या, टपाल रखडलं, दोन महिने कागदाचा कपटा आला नाही. नारळी पौर्णिमेला बायका नारळ सोडायला गेल्या, तेव्हा हौसा घरीच बसली. रोज सकाळी केरू एक गाठ सोडायचा आणि रोज सकाळी ती उरलेल्या गाठी मोजायची. जसजशा कमी होत गेल्या तसतसा तिचा घास कमी होत गेला. कारण सुतळी संपली आणि रावजी आला नाही, तर केरूला ती पुढे काय देणार होती?

सुतळीवर दोन गाठी होत्या त्या दिवशी दुपारी रावजी पाणंदीतून पेटी घेऊन आला.

हौसा धावत पुढे झाली. पण केरू दारात आडवा झाला. "दोन हायत," तो म्हणाला आणि सुतळी बापाच्या नाकासमोर धरली. लाख सांगितलं, ऐकेना. हिशेब म्हणजे हिशेब. शेवटी मुंबईहून आलेला बाप ओटीवर बसून राहिला, आणि दोन्ही गाठी सुटेपर्यंत त्याला घरात पाऊल टाकता आलं नाही. बघायला सगळी वाडी जमली. भिकाजी तांडेल पोट धरून हसला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा हौसाही हसली.

त्यानंतर त्या घरातून निघणारा जो तो "जातो" म्हणायला लागला. वाडीने कुरकुरत का होईना, ते मान्य केलं. इतर घरांत येतो, हौसाच्या घरात जातो. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनांना पहिल्याच दिवशी बजावलं जायचं. केरूने पुन्हा कुणाला धरलं नाही. चिमा तर येता जाता ओटीवर बसायची. तिने हौसाकडून गाठ शिकून घेतली, आणि तिची गाठही दात लावल्याशिवाय सुटेना.

नऊ वर्षांनी, भाताची कापणी चालू असताना, हौसा छातीच्या दुखण्याने पडली. आठव्या दिवशी तिला उठून बसता येईना. ओटीवरच अंथरूण घातलं होतं, उन्हं अंगावर येत होती. केरू आता दाढीमिशांचा गडी झाला होता. तो उशाशी बसून तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून होता. रावजी गणपती करून मुंबईला परतला होता. चिमा पायाशी होती. तुमच्या मागे केरूला बघायला मी आहे, असं तिने आदल्या दिवशीच हौसाला सांगितलं होतं.

"केरू," हौसा म्हणाली. आवाज फार बारीक झाला होता. "मी जाते."

केरूने सवयीने हात पुढे केला. हौसाने उशाखालून सुतळीचा तुकडा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"आत्ये, गाठ नाय."

"नाय रे बाबा."

"घाल." त्याने सुतळी तिच्या हातात परत दिली.

चिमाला राहवलं नाही. "घाला ओ काकी एक," ती रडत म्हणाली. "तेचं समाधान तरी व्हईल."

हौसाची बोटं सुतळीवर क्षणभर थांबली. मग तिने मान हलवली. "तेला आजवर खोटी गाठ दिली नाय मी," ती म्हणाली, आणि सुतळी तशीच केरूच्या मुठीत ठेवून मूठ बंद केली. "आता गाठ नाय केरू. मी जाते."

केरूने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग पांघरुणाखाली निपचित पडलेल्या तिच्या पायांकडे पाहिलं. चिमा त्याच्या हाताकडे बघत होती.

"आत्ये जाते," केरू म्हणाला, आणि त्याने पदर सोडला.